देवदारू, दोन तोळे

आमच्याकडे साग होता, आडजात होतं,
वखराला बाभूळ, कुऱ्हाडीच्या दांड्याला धावडा,
आणि बाबांच्या पडवीत
आर्वीच्या बाजारातून सायकलला बांधून आणलेलं
सफरचंदाच्या खोक्यांचं पांढरं लाकूड.
त्याला बाबा देवदार म्हणत.

खिळे उपटून सरळ करायचं काम माझं.
शंभराला चार आणे, वाकडे वजा.
फळ्यांवर शिक्के असत, अर्धं फळ, निळा डोंगर,
कुण्या बागवानाचं उर्दूतलं नाव
जे कसंही धरलं तरी मला उलटंच वाटे.
रंधा फिरला की डोंगराच्या सुरळ्या होऊन
माझ्या पायाशी पडत.
त्या फळ्यांची खुराडी झाली,
पाटीची चौकट झाली,
इटाळे सरांच्या रेडिओला पेटी,
आणि येळण्यांच्या देवघराला दोन कवाडं, बोटभर जाड.
"देवाचं दार, म्हनून देवदार," बाबा सांगत,
"नावातच माप देल्लं हाये."

मी झाले त्या हप्त्यातली गोष्ट
आई हसून दम लागेपर्यंत सांगते.
वैद्यानं बाळंतकाढ्याची चिठ्ठी दिली होती.
पुडी घेऊन परतताना बाबा नाक्यावर अडले,
जिल्हा दारूबंदीचा, शिपाई नवा,
अक्षराला अक्षर लावून वाचणारा:
सुंठ... पिंपळी... वेखंड...
दे... व... दारू. दोन तोळे.
"कोनाची व्हय बे ही?"
"झाडाची व्हय, साहेब."
"मोहाची?"
"नाही जी, पहाडातल्या झाडाची."

तासभर बसवलं.
शेवटी अमोलकचंद पानसरी स्वतः आला, धोतर सावरत,
पुडी सोडून एक पिवळट तेलकट तुकडा
त्यानं शिपायाच्या तळहातावर ठेवला.
शिपायानं चावला. थुंकला.
"जाय. हे कोनाले चढते?"

मग पुष्कळ वर्षांनी
आतेभाऊ प्रफुल चमोलीहून सुट्टीवर आला,
लष्करी मोज्यात गुंडाळून काहीतरी घेऊन.
लाकडाचं फूल.
"देवदाराचं बोंड हाये, मामाजी.
झाडावरच पाकळी पाकळी सुटते,
शेंडा तेवढा असा खाली पडते."
तो सांगत राहिला, चहा निवेपर्यंत.
हातात हात घालून चौघं उभे राहिले
तरी बुंधा कवेत येत नाही.
तिथल्या देवळांच्या तुळ्या त्याच्या,
धान्याची कोठारं त्याची, किडा फिरकत नाही,
खेचरांच्या खरजेला त्याचंच तेल.
आणि दारु म्हणजे दरवाजा नाही,
तिथला पुजारी म्हणाला होता,
दारु म्हणजे लाकूडच. देवाचं लाकूड.

बाबांनी कोपऱ्यातली फळी उचलून पुढं केली.
प्रफुलनं नखानं खरवडलं, हुंगलं,
बराच वेळ हुंगलं,
आणि जावयासमोर बोलावं तसं हळू बोलला,
"हे चीड व्हय, मामाजी.
तिकडं सरपनाले जाळतेत."

चूल फुंकायचा आवाज येत होता आतून.
बाबांनी फळी नाकाशी नेली. मग ते फूल.
मग पुन्हा फळी.
"तीस वरसं," म्हणाले.
पुढचं काही बोलले नाहीत.
उठून रंध्याचं पातं ठोकून बसवलं,
आणि दारात गेल्यावर मागं न वळता:
"येळण्याच्या देवाले नोको सांगू."

फूल आता सरळ खिळ्यांच्या डब्यात असतं.
त्याच्या दोन पाकळ्या गळाल्या, मी चिकटवल्या नाहीत.
हिशोब केला तर
आमच्या घरात खरा देवदार एकदाच आला,
दोन तोळे, त्यातला एक तुकडा पोलिसानं चावलेला,
आणि तो आई प्यायली,
आणि आईचं मी.

कसा होता, मी विचारते.
"कडू," आई म्हणते.
डोळे बारीक करून अजून काही आठवू पाहते.
"कडूच होता माय.
अन् मंग तू रातभर झोपली."